लिफ्टला पाटी, गच्चीला कुलूप



सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. शाळेत मराठी होतं ते 'लोअर', म्हणजे निबंध दहा ओळींचा आणि तोही 'माझी गाय' छाप. त्यामुळे मी मॅगझिनच्या मराठी विभागात लेख देणार म्हटल्यावर माझी रूममेट पोट धरून हसली. मग मात्र रात्री दोनपर्यंत जागून तिनेच ऱ्हस्व-दीर्घ तपासून दिलं. तेव्हा व्याकरणाच्या चुका सापडल्या तर त्या तिच्या, गणिताच्या सापडल्या तर त्या माझ्या!

विषय आहे आपल्या लेडीज हॉस्टेलची गच्ची.

आपल्या मेन बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये एक पाटी आहे. '८ व्यक्ती, ५४४ किलो.' माणशी ६८ किलो धरलेत. नववी व्यक्ती आत शिरली की आपण सगळे तिच्याकडे असे बघतो की ती बिचारी स्वतःहून बाहेर पडते. म्हणजे वजनाला मर्यादा असते हे आपल्याला कळत नाही असं नाही. पण तेच आपण गच्चीवर मात्र वाट्टेल ते चढवतो. कारण गच्चीला पाटी नाही. गच्चीला फक्त कुलूप आहे.

कुलपाची गोष्ट हॉस्टेलच्या मुलींना सांगायला नको. बॉईज हॉस्टेलच्या गच्चीवर रात्री अकरापर्यंत क्रिकेट चालतं. आमच्या गच्चीची किल्ली मात्र रेक्टर मॅडमच्या कपाटात. कपडे वाळवायचे पॅसेजमधल्या दोऱ्यांवर, आणि चंद्र बघायचा तो खिडकीच्या गजांतून. म्हणून गेल्या वर्षी आम्ही काही जणींनी एक अर्ज तयार केला : गच्चीवर बाग करू द्या आणि सोलर पॅनल बसवा. बाग ग्रीन कॅम्पससाठी, पॅनल वीजबिलासाठी, आणि खरं सांगायचं तर दोन्ही कुलूप उघडावं म्हणून. १४२ सह्या झाल्या. पोस्टर मी रंगवलं होतं. रेक्टर मॅडम 'बघू' म्हणाल्या, आणि हॉस्टेलमध्ये 'बघू' म्हणजे जवळजवळ 'हो'च!

वृक्षारोपणाच्या दिवशी किल्ली मिळाली. जिन्यात साखळी करून, गाणी म्हणत, आम्ही लाल मातीच्या ५० गोण्या वर चढवल्या आणि एका कोपऱ्यात रचून ठेवल्या. वाफे नंतर करू, आधी सबमिशन होऊ दे, असं ठरलं. सबमिशन काही संपलं नाही आणि जुलै उजाडला.

एके दिवशी मी लेक्चरला असताना माझ्या खोलीच्या छताच्या प्लास्टरचा ताटाएवढा पोपडा खाली आला. माझी खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर, बरोबर त्या कोपऱ्याखाली. पोपडा पडला तो माझ्या उशीवर. रात्री पडला असता तर यंदाच्या अंकात माझा लेख नव्हे, फोटो आला असता.

स्ट्रक्चर्सचे सर बघायला आले. त्यांनी हातोडीने छतावर ठिकठिकाणी टकटक केलं, एका ठिकाणी प्लास्टर अजून थोडं काढलं. आत गंजून नारिंगी झालेली सळई दिसली. मी घाबरत विचारलं, "सर, आमच्या गोण्यांमुळे झालं का हे?"

सर म्हणाले, "नाही. हा गंज बऱ्याच वर्षांचा आहे. लोखंड गंजलं की फुगतं आणि खालच्या काँक्रीटला ढकलून देतं. पण आता तू मला सांग, वर वजन किती ठेवलं होतंत?"

मला सांगता येईना. टी.ई. सिव्हिलची विद्यार्थिनी, आर.सी.सी.त बरे मार्क, आणि स्वतःच्याच डोक्यावर किती वजन रचलंय ते ठाऊक नाही!

हिशेब खरं म्हणजे चौथीच्या मुलाला जमेल इतका सोपा होता. ५० गोण्या, प्रत्येकी साधारण ४० किलो, म्हणजे २००० किलो. दोन टन! आणि जागा किती, तर २ मीटर बाय २ मीटर. म्हणजे चौरस मीटरला ५०० किलो, आणि पावसाने भिजल्यावर त्याहूनही जास्त. त्याच संध्याकाळी आम्ही गोण्या खाली उतरवल्या. चढवताना गाणी म्हटली होती, उतरवताना कुणीच बोलत नव्हतं.

आता हे ५०० किलो कशाच्या तुलनेत जास्त, ते सांगते. आपल्याकडे इमारतीवरच्या भारांसाठी आय.एस. ८७५ हे मानक आहे. त्याच्या दुसऱ्या भागात सपाट छतासाठी दोन आकडे दिले आहेत. लोकांना वर जाता येत असेल तर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो. फक्त दुरुस्तीपुरतंच कुणी जाणार असेल तर त्याच्या निम्मे, ०.७५ किलोन्यूटन, म्हणजे ७५ किलो. हे वाचलं तेव्हा मला आपलं कुलूपच आठवलं. कुलूप ही मला आत्तापर्यंत शिस्तीची भानगड वाटायची. पण इमारत बांधताना डिझायनरने 'मुली गच्चीवर येणार' असं धरलं होतं की 'कुणी येणार नाही' असं, यावर त्या स्लॅबची ताकद ठरलेली असू शकते!

जिना थेट वर जातो, कठडाही व्यवस्थित आहे, म्हणजे १५० धरलं असावं. पण 'असावं'वर टन चढवायचे नसतात. आम्ही ऑफिसात जाऊन हॉस्टेलचे ड्रॉइंग शोधले. आर्किटेक्टचा नकाशा मिळाला, १९८८ सालचा. खोल्या, दारं, खिडक्या, संडास, सगळं त्यात आहे. पण स्लॅबमध्ये कुठे किती सळया आहेत ते दाखवणारं आर.सी.सी. ड्रॉइंग काही सापडलं नाही.

बिगर-सिव्हिल मंडळींसाठी थोडं थांबते. स्लॅबच्या दृष्टीने वजन दोन प्रकारचं. एक कायम मुक्कामाला असलेलं : स्लॅबचं स्वतःचं वजन, वरचा कोबा, भिंती. याला डेड लोड म्हणतात. दुसरं येणारं-जाणारं : आपण, खुर्च्या, वाळत घातलेल्या गाद्या. हा लाइव्ह लोड. वरचे १५० किलो आहेत ते या येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी. माती ही येणारी-जाणारी नाही. ती एकदा आली की जात नाही. गॅदरिंगला गच्चीवर दोन तास नाचणाऱ्या पोरांचं वजन आणि वर्षानुवर्षं बसून राहिलेल्या मातीचं वजन सारखं मोजून चालत नाही. सतत भाराखाली काँक्रीट हळूहळू वाकत जातं. क्रीप म्हणून व्हायव्हाला विचारतात ते हेच.

मुक्कामी मंडळींमध्ये आपल्याकडे एक खास पाहुणा असतो : ब्रिकबॅट कोबा. विटांचे तुकडे, सिमेंट, उतार आणि वर रेघा मारलेला घोटाई केलेला थर. महाराष्ट्रातल्या किती तरी गच्च्या अशाच आहेत. सरासरी ११ सें.मी. जाडी धरली तरी त्याचं वजन चौरस मीटरला २०० किलोच्या घरात जातं. डिझायनर हे धरतो, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार पुढची आहे. गच्ची गळायला लागली की जुना कोबा फोडायचा खर्च आणि धूळ नको म्हणून त्याच्यावरच दुसरा कोबा घालतात. आपल्या हॉस्टेलवर असेच दोन थर आहेत, जिन्याच्या दारापाशी उंबरा बुडालेला आहे त्यावरून कुणालाही कळेल. म्हणजे चौरस मीटरला २०० किलो हिशेबाबाहेरचे आधीच वर बसले आहेत. आम्ही बाग चढवायला निघालो त्याच्या आधीच कुणीतरी दगडी बाग करून ठेवली होती!

आता आमच्या अर्जातल्या बागेचा हिशेब. अर्जात आम्ही एक फूट जाडीचे मातीचे वाफे लिहिले होते. झाडांची यादीही होती : टोमॅटो, कढीपत्ता, पपई, शेवगा. (शेवगा मेसच्या मावशींच्या आग्रहावरून.) मी लॅबमध्ये ३० बाय ३० बाय १० सें.मी.चा डबा घेतला आणि आमचीच लाल माती त्यात भरून वजन केलं. कोरडी १२.६ किलो. मग पाणी घालून पूर्ण भिजवली : १७.१ किलो. असे ११ डबे मांडले की एक चौरस मीटर होतो. म्हणजे भिजलेल्या मातीच्या १० सें.मी. थराला १९० किलो, आणि एक फुटाला ५७० किलो. जागा फार तर १५० ची, आणि आम्ही त्यावर बसवणार होतो ५७०. तेही दुसऱ्या कोब्याच्या डोक्यावर.

यावर माझ्या मेकॅनिकलच्या मैत्रिणीचं म्हणणं असं, "अगं, वर पाच हजार लिटरची टाकी आहे. पाच टन! ती नाही पडत ती?" प्रश्न रास्त आहे. पण टाकी स्लॅबच्या मध्यावर ठेवलेली नसते. ती खांबांवर, स्वतःच्या बीमवर उभी असते आणि तिचं वजन सरळ खाली जातं. पुस्तकांनी भरलेली ट्रंक कॉटच्या पायावर ठेवणं आणि कॉटच्या मधोमध फळीवर ठेवणं, यात फरक आहे की नाही?

दुसरं नेहमीचं वाक्य : "सेफ्टी फॅक्टर असतो ना १.५ चा!" असतो. पण तो काँक्रीट ठरल्यापेक्षा थोडं कच्चं निघालं, भार अंदाजापेक्षा थोडा वाढला, अशा आपल्या न दिसणाऱ्या चुकांसाठी राखून ठेवलेला असतो. तो म्हणजे एटीएममधला शिल्लक पैसा नव्हे. आणि आपल्याकडे त्यातला वाटा दुसरा कोबा आणि गंजलेली सळई या दोघांनी आधीच खाल्ला आहे.

"आजपर्यंत काही झालं नाही" हे तिसरं वाक्य. त्याला उत्तर म्हणून हाँगकाँगचं उदाहरण देते, कारण ते एका विद्यापीठाचंच आहे. २० मे २०१६ रोजी तिथल्या सिटी युनिव्हर्सिटीच्या क्रीडा संकुलातल्या हॉलचं छत कोसळलं. तिघे जखमी झाले. त्या छतावर हिरवळ केलेली होती. चौकशीत जी कारणं पुढे आली ती वाचून मला आपलीच गच्ची दिसली : छतावरचा सिमेंटचा थर ठरल्यापेक्षा जाड, त्यावर हिरवळीचा भार, आणि त्यात साचलेलं पाणी. एकटं कुठलंच कारण राक्षस नव्हतं. तिघांनी मिळून काम केलं. 'थोडंसंच तर आहे' असं तीन वेळा म्हटलं की ते थोडं राहत नाही.

पाण्याचं तर आपल्याकडे विचारूच नका. १ मि.मी. पाणी एका चौरस मीटरवर साचलं की बरोबर १ किलो होतं. इतकं सोपं गणित निसर्गाने दुसरीकडे कुठे दिलेलं नाही. वाफ्यातली माती वाहून पाइपाच्या तोंडाशी बसली, त्यात एक कॅरीबॅग अडकली, आणि १० सें.मी. पाणी तुंबलं की झाले चौरस मीटरला १०० किलो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मि.मी. पाऊस पडला होता. असा पाऊस रोज येत नाही, पण स्लॅबला रोजच्या पावसाची नाही, अशाच एका दिवसाची परीक्षा द्यावी लागते.

आता पॅनलकडे वळते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पी.एम. सूर्यघर योजना आली आणि घराघरांत पॅनलची चर्चा सुरू झाली. माझ्या आजोळीही ती चालू आहे. पॅनलची गंमत अशी की तो जड नाही, हलका आहे, आणि तोच त्याचा प्रॉब्लेम आहे! हल्लीचा ५४० वॅटचा पॅनल साधारण २८ किलोचा, क्षेत्रफळ अडीच चौरस मीटरहून थोडं जास्त. म्हणजे चौरस मीटरला ११ किलो. खालचा सांगाडा धरून २० म्हणा. स्लॅबला हे काहीच नाही. पण वारा? आय.एस. ८७५ च्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर दिला आहे, मुंबईसाठी ४४. दाब काढायचा तर वेगाचा वर्ग गुणिले ०.६. पुण्याचे झाले ९१२ न्यूटन, म्हणजे चौरस मीटरला ९३ किलो. यात उंचीचे, आकाराचे अजून गुणक लागतात, पण मुद्दा स्पष्ट आहे. ११ किलोच्या वस्तूखाली वारा शिरला तर ती पडणार नाही, ती उडणार.

म्हणून पॅनलवाले दोनपैकी एक करतात. एकतर स्लॅबला भोकं पाडून बोल्ट घट्ट करतात, मग तिथून पाणी शिरतं आणि आपण गच्ची गळते म्हणून तिसरा कोबा घालतो. नाहीतर प्रत्येक पायाला काँक्रीटचा ठोकळा देतात. दीड फुटाचा घन ठोकळा म्हणजे सुमारे २२० किलो, तोही वीतभर-दोन वीत जागेवर बसलेला. पॅनलचं वजन २०, आणि तो उडू नये म्हणून धरून ठेवणारं वजन त्याच्या कितीतरी पट!

इथेच मला या सगळ्या प्रकरणातली सर्वात सुंदर गोष्ट सापडली. बाग जड आहे म्हणून नको, पॅनल हलका आहे म्हणून ठोकळे हवेत. मग बागेलाच ठोकळा करा ना! युरोपात हे चालतं. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात २००२ पासून सपाट छतांवर हिरवळ सक्तीची आहे आणि तिकडे बाग आणि पॅनल एकाच छतावर नांदतात. पॅनलच्या सांगाड्याखाली रुंद ट्रे असतो, त्या ट्रेवर मातीचा पातळ थर पसरलेला. मातीच्या वजनाने पॅनल जागेवर राहतो. भोक नाही, ठोकळा नाही. वर झाडांमुळे गच्ची थंड राहते, आणि सिलिकॉनचा पॅनल प्रत्येक अंशामागे साधारण ०.३५ ते ०.४ टक्के वीज कमी देतो, त्यामुळे पाच अंशांनी जरी तो थंड राहिला तरी दोनेक टक्के वीज वाढते. दोघांचं चांगलं जमतं.

मात्र या जोडीचा हिशेब करताना एक गोची आहे. एकाच मातीला दोन परीक्षा द्याव्या लागतात. स्लॅबसाठी माती जुलैतली धरायची, पूर्ण भिजलेली, कारण तेव्हा ती सर्वात जड. आणि वाऱ्यासाठी माती मे महिन्यातली धरायची, खडखडीत वाळलेली, कारण वळवाचं वादळ नेमकं तेव्हाच येतं आणि तेव्हा ती सर्वात हलकी. सोयीचा आकडा निवडायचा नाही, दोन्हीकडे गैरसोयीचाच धरायचा.

म्हणून मी लॅबमध्ये दुसरा डबा भरला. कोकोपीट, परलाइट, विटांचा चुरा आणि थोडं कंपोस्ट. कोरडं ६.८ किलो, भिजून १०.८ किलो. म्हणजे १० सें.मी. थराला चौरस मीटरमागे भिजलेले १२० किलो आणि कोरडे ७५. लाल मातीपेक्षा हे खूपच बरं. एवढ्या थरात शेवगा येणार नाही, पपई तर नाहीच. पण ऑफिस टाइमची फुलं येतील, घोळ येईल, बुटकं गवत येईल. पॅनलवर सावली पाडणारी उंच झाडं तशीही नकोतच. मावशींची मी माफी मागते.

मग आपल्या गच्चीवर हे बसेल का? माझं उत्तर : आधी उतरवा, मग चढवा. दोन्ही कोबे स्लॅबपर्यंत काढावे लागतील. गळती थांबवायची तर ते तसंही करावंच लागणार आहे. दुसऱ्या कोब्याचे २०० किलो आपले कधीच नव्हते, ते गेले याचा आनंद मानायचा, खर्च करायचे नाहीत. पहिल्या कोब्याचे २०० हक्काचे. त्या जागी पातळ उताराचा थर आणि मेंब्रेन घातलं तर ११० च्या आसपास होतात. वाचले ९०. गच्चीचा जो भाग बागेला देऊ तिथे चालायचं नाही, फक्त दुरुस्तीला जायचं, म्हणजे १५० पैकी ७५ ठेवले, ७५ वाचले. एकूण १६५. खर्च : माती १२०, पॅनल आणि सांगाडा २०, खालचा निचऱ्याचा थर, कापड आणि झाडं मिळून १५. एकूण १५५. पास! पण काठावर, ४० पैकी ४० लागतात तिथे ४१ मिळवून. आणि १५० धरूनच मूळ डिझाइन झालं असेल तर, आणि सळया शाबूत असतील तर. ७५ धरलं असेल तर बाग नापास, तेव्हा फक्त पॅनल, तेही खांब आणि बीमच्या वर पाय टेकवून.

त्यामुळे रेक्टर मॅडम, एच.ओ.डी. सर आणि ऑफिस यांच्याकडे माझ्या मागण्या आता अर्जातल्यापेक्षा वेगळ्या आहेत. बाग मागण्याआधी मी स्ट्रक्चरल ऑडिट मागते. मुंबईत ३० वर्षांवरच्या इमारतींना ते कायद्यानेच करून घ्यावं लागतं. आपलं हॉस्टेल मुंबईत नाही, पण वय त्याला कधीच झालं आहे. रिबाउंड हॅमर आपल्या लॅबमध्ये कपाटात आहे. सळया शोधायचं यंत्र आणि गंज मोजायची चाचणी बाहेरून करून घेता येईल. शंका उरलीच तर आय.एस. ४५६ मध्ये लोड टेस्ट दिली आहे : लाइव्ह लोडच्या सव्वापट वजन २४ तास ठेवायचं, काढायचं, आणि पुढच्या २४ तासांत स्लॅब किमान ७५ टक्के तरी पूर्ववत होतो का ते बघायचं. आपल्याला दर सेमिस्टरला व्हायव्हा द्यावी लागते, तर गच्चीने ३५ वर्षांत एकदा द्यायला काय हरकत आहे? ती घ्यायची मात्र जाणकार इंजिनिअरने. मी आणि माझा डबा यावर कुणी भरवसा ठेवू नये.

दुसरं, बाग झालीच तर पाइपाच्या प्रत्येक तोंडाभोवती फूटभर खडीचा पट्टा मोकळा ठेवा, कठड्याला जादा पाणी जायला भोकं ठेवा, आणि पावसाळ्यात दर आठवड्याला तोंडं साफ करायची पाळी लावा. पाळी मुलींनीच लावावी, आम्ही करू.

तिसरं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. हा लेख वाचून कुणी म्हणेल, "बघा, आम्ही कुलूप लावलंय ते बरोबरच आहे!" तसं अजिबात नाही. कुलपाने वजन थांबलं नाही. कुलूप असतानाच दुसरा कोबा वर गेला, कुलूप असतानाच मोडक्या कॉट आणि बेसिनं वर गेली, आणि आमच्या गोण्याही रीतसर किल्ली घेऊनच गेल्या. वजन कळलं नाही कारण ते लिहिलेलं कुठेच नव्हतं. अर्धी गच्ची चालायला, बसायला मोकळी ठेवा, तिथे माती नको, तिथे १५० किलो आमच्यासाठी राहू द्यात. अर्ध्या गच्चीवर झेपेल तेवढी बाग आणि पॅनल. आणि जिन्याच्या दारावर लिफ्टसारखी पाटी लावा : या गच्चीवर चौरस मीटरला अमुक किलो, त्यापैकी आधीच वर असलेलं तमुक किलो. पुढच्या वर्षी कुणी गोणी खांद्यावर घेऊन आली की पाटी वाचेल आणि निदान एकदा गुणाकार करेल.

माझ्या छताला आता नवं प्लास्टर झालंय. कॉट मी खिडकीकडे सरकवली आहे. रूममेट म्हणते, आता तू छताकडे बघत झोपतेस.

शेवटी एक विनंती. हे मॅगझिन माजी विद्यार्थ्यांनाही जातं असं ऐकलं आहे. १९८८ च्या सुमारास हॉस्टेलच्या कामावर साइट ट्रेनिंगला गेलेलं कुणी वाचत असेल, कुणाच्या माळ्यावर जुन्या निळ्या ड्रॉइंगची गुंडाळी असेल, तर कृपया सिव्हिल डिपार्टमेंटला कळवा. त्या गुंडाळीत एक आकडा आहे. १४२ मुली त्याची वाट बघत आहेत.